मागं राहणारा आवाज

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं असं नाही, पण त्याचा वाटा आहे. माय म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसली तर माशीनंच पाया पडून उठावं. बीदरच्या कॉलेजात शिकून मी हैदराबादला एका लहानशा ऑफिसात लागले, तेव्हा तिथल्या लोकांनीही थोड्याच दिवसांत हाच निकाल दिला. ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. तिथं आम्ही मोबाईलवर खेळायचे खेळ बनवायचो. मी काय काम करते ते गावात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कुणी विचारलं की म्हणायचा, "फोनात खेळणी भरती ती." मला राग यायचा, पण याहून बरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

बटणांचे फोन मागं पडून काचेवर बोट टेकवायचे फोन नुकते लोकांच्या हातात यायला लागले होते. तेव्हा आम्ही ठेक्याचा एक खेळ करायला घेतला. पडद्यावर वरून गोल उतरत यायचे. गोल खालच्या रेषेवर आला की बोट टेकवायचं, बोट टेकलं की ढोल वाजायचा. ठेक्यात टेकलं तर गुण, चुकलं तर गोल फुटला. ढोल घ्यायचा ही कल्पना माझीच होती. बाकीचे गिटार-बिटार म्हणत होते, पण मी भांडून ढोल घ्यायला लावला.

घोडं अडलं ते आवाजापाशी. बोट टेकायचं आणि ढोल जरा नंतर वाजायचा. जरा म्हणजे पापणी लवावी एवढाच वेळ. गाणं ऐकताना, बोलताना हा उशीर कुणाला कळतही नाही. पण ठेक्याच्या खेळात तो घासातल्या खड्यासारखा लागतो. खेळणारा चिडतो, त्याला वाटतं आपण बरोबर मारलं आणि हा फोन खोटं बोलतोय. असा खेळ कोण दुसऱ्यांदा उघडणार? साहेबांनी मला सांगितलं, "हा उशीर घालव. तो गेला तर खेळ, नाहीतर सगळं मुसळ केरात."

उशीर का होतो ते मी मायला एकदा सांगितलं होतं आणि तिला ते पटकन कळलं होतं. फोन आवाज थेंबथेंब सोडत नाही. तो आधी घागर भरतो आणि भरली की ओततो. घागर मोठी असली की भरायला वेळ लागतो, म्हणून आवाज मागं राहतो. माय म्हणाली, "मग घागर ल्हान घ्यावं की." तेच तर माझं काम होतं. पण घागर फार लहान केली की भरण्या-ओतण्याचा मेळ बसत नाही आणि आवाजात तडतड ऐकू येते. किती लहान करायची, ते फोनागणिक वेगळं. मी महिनोन्‌महिने दुसरं काही केलं नाही.

हे करायचं तर आधी उशीर मोजावा लागतो. त्यासाठी खेळात मी दोन परीक्षा घातल्या होत्या. पहिलीत आवाज बंद. पडद्यावर दिवा लुकलुकतो, त्या ठेक्यावर बोट टेकवायचं. दुसरीत पडदा काळा. नुसता टक टक आवाज येतो, तो ऐकून बोट टेकवायचं. डोळ्यानं पाहून मारताना माणूस बरोबर असेल आणि कानानं ऐकून मारताना मागं राहत असेल, तर तेवढा फोनचा आवाज मागं आहे असं धरायचं. पण त्यासाठी मारणारा हात पक्का पाहिजे. ऑफिसात आम्हा सगळ्यांचेच हात वाकडे. कुणी चहा जास्त प्यायलेला, कुणाचं लक्षच नाही. मी म्हटलं, न चुकणारा हात पाहिजे ना, तो आमच्या घरात आहे.

आमचं गाव कर्नाटकात, गुलबर्ग्याकडच्या आळंद तालुक्यात, खजुरीच्या पलीकडं. तिथून महाराष्ट्राची हद्द शेताच्या बांधासारखी ओलांडता येते. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या वेळेला ती गेली, थोडं तुरीचं रान आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरी एवढं राहिलं. मेंढरांच्या काळातलं एकच टिकलं, ते म्हणजे जत्रेतला ढोल. देवळासमोर वीस-पंचवीस माणसं रिंगण धरून ढोल वाजवतात, मधे झांजा. रिंगणाचा म्होरक्या अप्पा. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. अप्पांनी टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, उचललं की सगळ्या रिंगणाची टिपरी वर जायची. मी बाईमाणूस म्हणून रिंगणाबाहेर, पण ठेका अंगात भिनायला रिंगणात उभं राहावं लागत नाही. अजूनही कुठं टक टक ऐकू आलं की माझी मान आपोआप हलायला लागते. घराण्याची खोड, दुसरं काय.

रिंगणाचा एक नियम आहे. म्होरक्या चुकत नसतो. तो पुढं गेला तर सगळ्यांनी पुढं जायचं, मागं राहिला तर मागं. चुकलं असं म्हणायचं नाही. आणि देवळाच्या अंगणात कुणी तसं तोंडानं बोललंच, तर म्होरक्यानं टिपरू कायमचं उंबऱ्यावर ठेवायचं आणि पुढच्या म्होरक्यानं ते उचलायचं. मी लहान असताना एका जत्रेत "अप्पा जोरात चाललेत" असं काहीतरी बोलायला गेले होते. मायनं माझ्या तोंडावर असा हात दाबला की ओठ दातावर लागून रक्त आलं. "देवापुढं बोलू न्हाई मने," एवढंच ती म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला तेव्हा ओठावर शिकवलेलं होतं. शिकले कुठं?

दसऱ्याला मी फोन घेऊन गावी गेले. अप्पा छपरात दोरी वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले, फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खेळ समजावला. त्यांनी आधी बोट धोतराला पुसलं. पहिली परीक्षा, दिवा पाहून मारायची. अप्पांचं बोट असं पडलं की मी आकडे बघून हसायलाच लागले. ऑफिसात असं कुणाला जमलं नव्हतं. मग मी म्हटलं, "अप्पा, आता पडदा काळा व्हतोय. नुस्तं ऐकायचं आन्‌ टेकवायचं."

"हं," म्हणाले.

टक टक सुरू झालं. अप्पा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या बोटाकडे. बोट पडत होतं, पण प्रत्येक वेळी जरा मागं. पुन्हा केलं, पुन्हा मागं. मला एवढा आनंद झाला. बघा, म्हटलं, डोळ्यानं सोन्यासारखं आणि कानानं मागं. म्हणजे फोनच मागं आहे. तो किती मागं आहे हे आता अप्पांच्या बोटानं मला सांगितलं होतं.

"तुमचं काई चुकलं न्हाई अप्पा, फोन मागं राहायलाय," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी पुन्हा सांगितलं, मग ते हसले. अप्पांना हसताना मान जरा तिरकी करायची सवय लागली होती. मला वाटलं, वय झालंय, गोड दिसतात.

हैदराबादला येऊन मी घागर लहान केली. ऑफिसातल्या सगळ्यांची पुन्हा परीक्षा घेतली. त्यांचा उशीर कमी झाला. मला हुरूप आला. संक्रांतीला पुन्हा गावी. अप्पांचा उशीर मात्र होता तेवढाच. मी दुसरा फोन घेऊन गेले होते, त्याच्यावरही तेवढाच. आता कुणीही शहाणं माणूस इथं थांबून विचार करेल. मी केला नाही. मला एवढंच दिसलं की ऑफिसातले हात भोंगळ आहेत, त्यांना उशीर कळतच नाही, अप्पांना कळतो.

त्या संक्रांतीला घरात टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की मी ओरडून तो कमी करायला लावला. माय अप्पांना हाक मारायची नाही, जवळ जाऊन कोपराला हात लावायची. हे सगळं मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. अण्णा मात्र माझ्यावर उखडला. मी अप्पांना तिसऱ्यांदा बसवलं तसा म्हणाला, "कामून त्यांच्या मागं लागलीस? तुझ्या फोनचं तू बग की."

"त्यांचं बोट पायजे मला."

"दुसऱ्याचं घे. माझं घे."

"तुझं चुकतंय रे," मी म्हटलं. ते खोटं होतं. अण्णाचं बोट नव्या फोनवर अगदी बरोबर पडत होतं, पण मी ते जमेत धरलं नव्हतं. अण्णा रिंगणात झांजा वाजवायचा. ढोलापुढं झांजेवाल्याला कोण विचारतो, असं माझं डोकं.

अप्पांना मात्र हे सगळं फार आवडायला लागलं होतं. चहाच्या हॉटेलात बसून ते सांगायचे, "पोरगी मनती, हैदराबादला माझ्या बोटावरून फोन नीट करायलेत." लोक हसायचे, पण अप्पांना त्याचं काही नव्हतं. मी निघताना ते स्टँडपर्यंत आले आणि म्हणाले, "फुडच्या बारीला आनखी एक घिऊन ये. बगू कोन हारतंय." मी बसमध्ये चढले तेव्हा माझ्यासारखी खूश मुलगी त्या गाडीत नसेल.

ऑफिसात माझ्या शेजारी एक तेलुगू सहकारी बसायचा, शांत माणूस. मी अप्पांच्या बोटाप्रमाणे खेळात दुरुस्ती घातली, म्हणजे बोट टेकायची वाट न बघता, गोल रेषेवर यायच्या तेवढा आधीच ढोल सोडायचा. लगेच बाकीच्यांना खेळ विचित्र लागायला लागला. ढोल बोटाच्या आधीच वाजतोय म्हणाले. सहकाऱ्यानं सगळे आकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "सबका ठीक है. तुमारे अप्पा का हिसाब निकाल दो ना."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुझ्या घरात सात पिढ्यांत कुणी ढोल पाहिला आहे का, इथपासून सुरुवात होती. तो बिचारा उठून बाहेर गेला आणि माझ्यासाठीही चहा घेऊन आला. मी तो प्यायले नाही.

तूर काढून झाली की आमच्याकडं जत्रा असते. जत्रेच्या आदल्या दुपारी सगळे वाजवणारे देवळाच्या अंगणात जमतात, ढोल उन्हात तापवतात, दोऱ्या आवळतात. मी सकाळीच गुलबर्ग्याहून गाडी धरून पोचले होते. या वेळी घागर मी होईल तेवढी लहान केली होती, त्याहून लहान केली तर तडतडच झाली असती. आता फोनमध्ये मागं राहायला काही उरलंच नव्हतं. मला अप्पांच्या बोटाचा कौल पाहिजे होता. घरी जाऊन थांबायला धीर कुठला. मी तशीच देवळाकडं गेले.

अप्पा पाराच्या कट्ट्यावर बसले होते, टिपरू कमरेला खोचलेलं. मला पाहून म्हणाले, "आनलीस का?" वाजवणारे भोवती गोळा झाले. पहिली परीक्षा झाली, दिव्याची. अप्पांचं बोट नेहमीसारखं. लोक वा वा म्हणाले. कुणीतरी म्हणालं, फोनला बी कळालं म्होरक्या कोन हाय. अण्णा जरा लांब झांजांची दोरी बदलत होता, तो वर बघत नव्हता.

दुसरी परीक्षा लावली. पडदा काळा झाला, टक टक सुरू झालं. मी अप्पांसमोर उभी. बोट पडत होतं. तेवढ्यात कुणीतरी बाजूनं माझ्यापुढं चहाचा कप केला आणि मी तिकडे मान वळवली. कप घेऊन वळले तर अप्पांचं बोट काचेच्या वर अधांतरी थांबलेलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं फोन अडकला. कान दिला तर टक टक चालूच होतं, चांगलं खणखणीत.

मग मी जे केलं ते का केलं, मला माहीत नाही. मी मान अजिबात हलवली नाही. अप्पांचं बोट हललं नाही. टक टक चाललेलं. मग मी मुद्दाम, ठेक्याच्या अधेमधे, एकदाच मान हलवली. आणि अप्पांचं बोट खाली आलं.

दसऱ्यापासून मी ज्याला फोनचा उशीर म्हणत होते तो माझ्या मानेपासून त्यांच्या डोळ्यापर्यंतचा होता. ते माझी मान वाजवत होते.

मी हळू आवाजात विचारलं, "अप्पा, आवाज येयलाय का?"

त्यांनी मान तिरकी केली, हसले. "व्हय, चांगलं हाय."

"आवाज. टक टक. येयलाय का?"

"काय?"

"कानाला, कानाला येयलाय का मनलं."

"आगं काय मनायलीस?"

आणि मी ओरडले, "अप्पा, तुमाला ऐकू येईना!"

तेवढं त्यांना ऐकू आलं. अंगणात सगळ्यांनाच ऐकू आलं. दोऱ्या आवळणारे हात थांबले. कुणी कुणाकडं बघेना. मी अजून कप हातात धरून उभी होते आणि मला तोपर्यंत कळलंही नव्हतं की मी कुठं उभी आहे. माझ्या तोंडावर हात ठेवायला माय तिथं नव्हती.

अप्पांनी फोन कट्ट्यावर ठेवला, हलकेच, काचेला ओरखडा जाऊ नये असा. त्यांनी अण्णाकडं पाहिलं. अण्णा खाली बघत होता. मग अप्पा उठले, कमरेचं टिपरू काढलं आणि देवळाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लेकरू हाय, भायेर राहतंय, तिला काय कळतंय. धरू न्हाई मनात." दोघं-चौघं हो हो म्हणाले. अप्पांना ते सगळं ऐकू गेलं नसणार, पण तोंडं बघून कळलं. ते म्हणाले, "मला ऐकू आलं मंजी देवाला आलंच की."

त्या जत्रेत रिंगण अण्णानं चालवलं. चांगलं चालवलं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. अप्पा बघणाऱ्या लोकांत उभे होते, डोक्याला नवा पटका, हात मागं बांधलेले. मी बायकांच्या बाजूला होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. एकदाच पाहिलं, तेव्हा ते अण्णाच्या हाताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलला. मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही? आधी सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं.

"सांगायचं कशाला? आमाला म्हाईत न्हवतं वाटलं का तुला? मी झांजा येवढ्या हात पसरून कामून वाजवत व्हतो? उगी? त्यांला दिसावं मनून." तो रागात नव्हता, दमल्यासारखा होता. "समद्या रिंगनाला म्हाईत व्हतं. कुनी एक दिस तोंडातून काडलं न्हाई. तू मोजायला लागलीस."



दवाखान्यात नेलं मी, नेलंच. हट्टानं गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं. बारीक, टोकदार आवाज जवळपास गेलेले, म्हणाले. जन्मभर ढोलाजवळ राहिल्यानं असं होतं. ढोलाचा जाड आवाज छातीला कळतो, म्हणून वाजवता येत असणार. फोनचा आवाज सगळा बारीक, तो त्यांना येणारच नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, एक-दोन वर्षं आधी आणलं असतं तरी फार काही झालं नसतं, गेलेलं परत येत नाही. मी हे ऐकायला गेले होते की आणखी काही, कुणास ठाऊक. मी ओरडले नसते तर काय बिघडलं असतं, याचं उत्तर मला मिळालं. काही बिघडलं नसतं. अप्पांनी अजून काही जत्रा अण्णाच्या झांजांकडं बघून काढल्या असत्या आणि एक दिवस आपल्या हातानं टिपरू लेकाला दिलं असतं.

कानात घालायचं मशीन घेतलं. त्यातून त्यांना मायची भांडी ऐकू यायला लागली आणि पत्र्यावरची चिमणी. ते दोन दिवसांत वैतागले. आता ते मशीन देव्हाऱ्याच्या फळीवर डबीत असतं आणि माय रोज ती डबी पुसते.

ऑफिसात जाऊन मी अप्पांच्या बोटाचे आकडे काढून टाकले. खेळ ठीक झाला. बोट आणि ढोल एकदम. सहकाऱ्यानं खेळून पाहिला, माझ्याकडे वळला आणि काही न विचारता नुसता अंगठा वर केला. मी त्याला त्या दिवशी चहा पाजला. खेळ लोकांनी काही दिवस खेळला, मग दुसरे आले. मीही पुढं नोकरी बदलली. आवाजाच्या कामाला हात लावायचा नाही असं ठरवून बदलली, पण फिरून फिरून तेच काम वाट्याला येतं. मला ते चांगलं जमतं, असं लोक म्हणतात.

पुढच्या वर्षी तूर काढायच्या दिवसांत मी घरी होते. अप्पांबरोबर रानात गेले होते. दुपारी आम्ही दोघं बांधावर भाकरी खायला बसलो. अप्पा आता पहिल्यापेक्षा मोठ्यानं बोलतात, स्वतःचा आवाज कमी येतो म्हणून. मधेच त्यांनी विचारलं, "त्या फोनचं झालं का नीट?"

मी मान हलवली.

"आता मागं राहत न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी कांदा हातानं फोडला, अर्धा मला दिला.

"मला सौंशय व्हताच," ते म्हणाले. "टक टक मनायलीस, मला तर काई येईना. तुझ्या मानेकडं बगून टेकवायचो. पर तू येवढ्या ताकदीनं मनायलीस की फोनच मागं राहायलाय, अप्पा काई चुकायचे न्हाईत. मग मला बी वाटलं, आसंल. फोनचंच आसंल." ते थोडा वेळ खात राहिले. "ते म्हैने लई बरे गेले बग."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांना ऐकू जायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि शेजारच्या रानात तूर काढणारी माणसं होती. मी कांदा खाल्ला. मग भांडी गोळा केली आणि आम्ही पुन्हा तुरीला लागलो.